पट्टीवरचा मामा

५ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. कारण आज घरात एक मोठा निर्णय झाला आणि तो मी घेतला. असल्या गोष्टींची कुठेतरी नोंद हवी.

सकाळी धाकटी आली होती, माझी बहीण. पित्ताशयात खडे झालेत म्हणे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून टाका, लांबवू नका. दहा मार्चची तारीख मिळाली आहे. दोन रात्री हॉस्पिटलमध्ये. नवरा जहाजावर इंजिनियर, तो मे अखेरपर्यंत पाण्यावर. तर प्रश्न भिंगरीचा.

भिंगरी म्हणजे माझी भाची. साडेचार वर्षांची. पंखा, चाक, बाटलीचं झाकण, काहीही फिरताना दिसलं की ती तिथेच खिळते, म्हणून भिंगरी. अजून बोलत नाही. नवा माणूस, नवा आवाज, नवी जागा तिला सोसत नाही. ऐनवेळी कोणी अनोळखी घरात राहायला आलं तर ती खाणार नाही, झोपणार नाही. ती ज्या सेंटरला जाते तिथल्या बाईंनी उपाय सांगितला आहे. दर शनिवारी चार वाजता एका माणसाने यायचं. तेच माणूस, तीच वेळ, तोच खेळ. मार्चपर्यंत सवय होईल, मग ती त्याच्याजवळ दोन रात्री राहील.

धाकटीचं बोलणं संपायच्या आत मी हात वर केला. बायको म्हणत होती की मी जाते, शनिवारी दुपारी दुकान बंद ठेवीन. (हिचं औषधांचं दुकान आहे.) मी म्हटलं, मामा मी आहे की तू? दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. भारावल्या असाव्यात.

खरं सांगायचं तर भिंगरी झाल्यापासून माझं धाकटीकडे जाणं कमीच झालं. जाऊन करायचं काय, हे कळत नाही. मागे धाकटी तापाने पडली होती तेव्हा मी खालीच गाडी उभी करून वॉचमनकडे फळं दिली होती. ते मनाला लागून आहे. आता सगळी भरपाई एकदम.

संकल्प: एकही शनिवार चुकवायचा नाही.

८ जानेवारी, बुधवार

फोटोचं प्रकरण. भिंगरीच्या घरी दाराशेजारी एक लांब पट्टी लावलेली आहे. तिच्यावर चित्रांची कार्डं चिकटवतात. ब्रश, बस, सेंटर, जेवण, झोका, आंघोळ, झोप. एक गोष्ट झाली की भिंगरी स्वतः ते कार्ड खर्रकन काढते आणि खालच्या डब्यात टाकते. आता काय झालं आणि पुढे काय होणार, हे तिला त्यावरून कळतं. कोणी माणूस येणार असेल तर त्याचा फोटो लागतो. बाईंनी मला फोनवर बजावलं की पट्टीवर लागलं ते झालंच पाहिजे, तिच्यासाठी तो दिलेला शब्द आहे. मी म्हटलं, बाई, शब्द म्हणजे माझं कामच आहे.

आहेच. फर्निचर कंपनीच्या तक्रार विभागाचा मी प्रमुख. माफी मागण्यात माझा हात कोणी धरणार नाही. एका बाईंच्या घरी आमच्या माणसाने कपाट उलटं बसवलं होतं. त्यांना मी असं पत्र लिहिलं की त्यांनी आणखी एक कपाट घेतलं.

तर फोटो. मी बक्षीस समारंभातला ब्लेझरवाला पाठवला. नको म्हणे, मागे गर्दी आहे. मग गॉगलवाला. डोळे दिसत नाहीत. मग एक खास जपून ठेवलेला. धाकटीने विचारलं, दादा, हा कोण? तेव्हा केस होते, एवढंच. शेवटी संध्याकाळी तिनेच येऊन आमच्या दारात माझा फोटो काढला. बनियनवर. मिशीला दूध लागलेलं. म्हणे, हा अगदी तू आहेस.

११ जानेवारी, शनिवार

पहिली भेट. प्रचंड यशस्वी.

पोचायला पाऊण तास उशीर झाला, कारण खेळण्यांच्या दुकानात मन लावून खरेदी केली. अग्निशमनाची गाडी घेतली, सायरनवाली. सायरन वाजताच भिंगरी कान दाबून टेबलाखाली गेली. धाकटीने गाडी उचलून बाथरूममध्ये ठेवली, ती तिथेही वाजत राहिली. बॅटरी काढायला स्क्रू-ड्रायव्हर लागतो, हे बॉक्सवर लिहायला हवं. तक्रार करणार आहे.

खेळ ठरलेला आहे. प्लॅस्टिकचा टब आणि कपड्यांचे चिमटे. टबाच्या कडेला एक एक चिमटा लावत जायचं. एवढंच. मला वाटलं होतं, काहीतरी शास्त्रीय असेल. बसलो जमिनीवर. बऱ्याच वेळाने भिंगरी टेबलाखालून आली, माझ्याकडे न बघता चिमटे लावू लागली. गंमत म्हणून मी एक चिमटा स्वतःच्या नाकाला लावला. ती हसली नाही. जवळ आली, नाकावरचा चिमटा काढला आणि टबाला लावला, त्याच्या जागी. तिची बोटं माझ्या नाकाला लागली तेव्हा मला एकदम काहीतरी झालं. भरून आलं म्हणतात ते.

निघताना धाकटी म्हणाली, पुढच्या वेळी नुसता ये, वेळेवर ये. बाकी काही आणू नकोस. बाकी काही आणू नको, हे तिने दोनदा सांगितलं.

१८ जानेवारी, शनिवार

गेलो नाही. कारणं:

ऑफिसचं जेवण होतं. टाळता येत नाही. जेवणानंतर जरा टेकलो. जाग आली तेव्हा साडेपाच.

धाकटीला ताबडतोब मेसेज केला. उत्तम उतरला होता. तिचं उत्तर आलं, ठीक आहे. मग मीच फोन केला, तर सांगते की भिंगरीने सकाळीच पट्टीवर फोटो बघितला होता. चारला दारात जाऊन उभी राहिली. जिन्यातला दिवा लागेपर्यंत तिथेच. खायला बोलावलं तर आली नाही.

हे मला सांगायची काय गरज होती? ठीक आहे म्हटलं होतंस ना? रात्रीचं जेवण गेलं नाही. मी झोपलो नव्हतो, टेकलो होतो.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी पुस्तकांच्या दुकानात जाऊन विशेष मुलांच्या शिक्षणावरचं सगळ्यात जाड पुस्तक घेतलं. प्रस्तावना वाचली. डोळे उघडले. दुपारी बायकोला सातत्य या विषयावर बरंच समजावून सांगितलं. तिने गोळ्यांची पाकिटं मोजत ऐकलं आणि म्हणाली, शनिवारी जा. मी म्हटलं, मी मुळाशी जातोय. ती म्हणाली, आधी शनिवारी जा.

हिच्याशी वैचारिक बोलणं अवघड आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

आठवडाभर मन खात होतं. मेसेज, पुस्तक, काही म्हणून बरं वाटेना. सकाळी दाढी करताना ठरवलं, आता नवी सुरुवात. नवा माणूस. मिशी काढून टाकली. वीस वर्षांची मिशी! भिंगरीसाठी माणूस काय काय करतो.

२५ जानेवारी, शनिवार

आज चारला दहा कमी असताना दारात. भिंगरीने स्वतः दार उघडलं. हातात माझा फोटो. तिने फोटो पाहिला. मला पाहिलं. पुन्हा फोटो. मग मान वाकडी करून माझ्या मागे जिन्यात पाहिलं, फोटोतला माणूस मागून येतोय का ते. आणि दार लावून घेतलं.

धाकटी बाहेर आली आणि माझं तोंड बघून मटकन पायरीवर बसली. म्हणाली, दादा, मिशी? मी म्हटलं, नवी सुरुवात. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसत होती की रडत होती, कळेना. बहुतेक दोन्ही.

जिन्यात बसून राहिलो. शेजारचे येता-जाता विचारत होते, कोण हवंय?

१ फेब्रुवारी, शनिवार

मिशी आठवड्यात उगवत नाही. बायकोची भुवयांची पेन्सिल घेतली. आरशासमोर बसून बराच वेळ काम केलं. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, डावी बाजू जाड झाली. मग स्वतःच पेन्सिल घेऊन नीट करून दिली. लग्नात नटवलं नसेल एवढं.

रस्त्यात वरचा ओठ न हलवता चाललो. चारला बेल. भिंगरीने फोटो पाहिला, मला पाहिलं आणि बाजूला झाली! आत गेलो. चिमटे काढले. तिने फोटो डब्यात टाकला, म्हणजे मामा आला, झालं. घाम येत होता. मध्येच तिने माझ्या ओठावर बोट ठेवलं, बोट काळं झालं, ते तिने बघितलं. पुन्हा ठेवलं. हळूहळू सगळी मिशी पुसली. मी श्वास रोखून होतो, आता किंचाळणार. पण नाही. तिने ते काळं बोट माझ्या गालावर पुसलं आणि हातात चिमटा दिला.

हातात! दिला!

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, दादा, असंच येत राहा रे, होईल हे. तिचा आवाज जरा वेगळा होता. ऑपरेशनची तिला धास्ती आहे, हे मला आत्ता कळलं. मला वाटत होतं की तारीख ठरली म्हणजे झालं.

घरी पाठ थोपटून घेतली. स्वतःचीच.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कॅन्टीनमध्ये चिमट्याची गोष्ट सांगितली. अकाउंटवाला तर थक्क. त्याच्या क्लबमध्ये दर महिन्याला व्याख्यान असतं. म्हणाला, तुम्हीच बोला या विषयावर. विषय ठरला: विशेष मुलांच्या कुटुंबांना आधार कसा द्यावा. शनिवारी, वाचनालयाचा हॉल.

बायकोने विचारलं, किती वाजता? मी म्हटलं, दुपारी. तिने विचारलं, दुपारी म्हणजे? हिला तपशिलात फार रस.

८ फेब्रुवारी, शनिवार

व्याख्यान झालं. टाळ्या. पट्टीबद्दल सांगितलं, शब्द देण्याबद्दल सांगितलं, नाकावरच्या चिमट्याबद्दल सांगितलं. त्यातलं नाक थोडं वाढवलं. एका बाईंनी डोळे पुसले. मी म्हणालो, या कुटुंबांना दया नको, त्यांना फक्त वेळेवर येणारं माणूस हवं असतं. हे वाक्य मलाच फार आवडलं. ते बोललो आणि समोरच्या घड्याळाकडे नजर गेली. चार वाजून वीस मिनिटं.

धाकटीला कळवायचं राहूनच गेलं होतं. उलट सकाळी तिने विचारलं होतं, येतोयस ना, फोटो लावू? आणि मी घाईत अंगठा पाठवला होता. अंगठ्याची सवय फार वाईट.

उठायला हवं होतं. पण मध्येच कसं उठणार, प्रश्नोत्तरं बाकी होती. मागच्या रांगेतल्या एका आईने विचारलं, तुम्ही आठवड्याला किती वेळ देता? मी म्हटलं, ताई, माया घड्याळ लावून करायची नसते. पुन्हा टाळ्या. ती एकटी टाळ्या वाजवत नव्हती. तिचं लहान मूल मांडीवर झोपलं होतं, हात मोकळे नसतील.

मोकळे असते तरी तिने वाजवल्या नसत्या.

९ फेब्रुवारी, रविवार

धाकटीला लांब माफी पाठवली. तीन परिच्छेद. पहिल्यात जाणीव, दुसऱ्यात कारण, तिसऱ्यात हमी. तिचं उत्तर: दादा, "आपल्याला झालेल्या मनस्तापाची आम्हाला पूर्ण कल्पना आहे" यातलं आम्हाला म्हणजे कोण?

ऑफिसच्या पत्राचा साचा पुसायचा राहिला. घाईत होतो.

मग तिचा फोन. रागावली नव्हती, रागावली असती तर परवडलं असतं. म्हणाली, आजपासून आधी बेल वाजव, मग मी फोटो लावीन. तू दारात दिसल्याशिवाय नाही. मी म्हटलं, म्हणजे माझ्यावर विश्वास नाही? ती म्हणाली, माझा राहू दे. तिचा उडाला.

बायको आतून ऐकत होती. म्हणाली, अजून महिना आहे, मी जाते आता, दुकान बंद ठेवते. मी चिडलो. मी असताना? आणि मध्येच माणूस बदलायचं नसतं, पुस्तकात आहे. (प्रस्तावनेत आहे.)

१२ फेब्रुवारी, बुधवार

धाकटीला काल बस स्टॉपवर कळ आली. वाकूनच बसली रस्त्यात. भिंगरीचा हात मात्र सोडला नव्हता. सेंटरमधल्या एका आईने दोघींना घरी आणलं. हे मला बायकोकडून कळलं, तिच्याकडून गोळ्या गेल्या म्हणून. डॉक्टर म्हणाले, दहा मार्च चुकवू नका.

मला का नाही कळवलं, असं विचारायला फोन उचलला आणि खाली ठेवला. उत्तर माहीत होतं.

या शनिवारी जायचं म्हणजे जायचं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गेलो! चारला! मिशीही आता बऱ्यापैकी. धाकटीने मला बघितलं, मग फोटो लावायला गेली, पण तो डब्यात नव्हता. कारण तो पट्टीवर आधीच होता, झोक्याच्या कार्डावर बरोबर मधोमध चिकटवलेला. बागेतला झोका तुटलाय, दुरुस्तीला नेलाय. धाकटीने सकाळी भिंगरीला तो रिकामा खांब दाखवून आणला, तर घरी येऊन तिने डब्यातून माझा फोटो शोधला आणि झोक्यावर लावला. कोणी न सांगता!

झोका नाही तर मामा! दुःखात लेकराला मामा आठवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धाकटीला म्हटलं, बघ, माया लपत नाही. ती काहीतरी बोलणार होती, मग नाही बोलली. पाणी आणायला गेली.

चिमटे खेळलो. म्हणजे मी खेळलो. भिंगरी खिडकीत होती. झोक्याचं दुःख.

१७ फेब्रुवारी, सोमवार

धाकटीच्या फोनवरून आणखी बातमी. काल वीज गेली, टीव्ही बंद. भिंगरीने टीव्हीच्या कार्डावर मामाचा फोटो लावला. आज सेंटरची बस आलीच नाही. बसवर मामा.

बस नाही तरी मामा, वीज नाही तरी मामा! कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगितलं. अकाउंटवाला म्हणतो, क्लबमध्ये दुसरा भाग ठेवू.

धाकटी फोनवर फार थंड बोलते. थोडा मत्सर वाटणं साहजिक आहे, आईच ती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बाईंनी सेंटरवर बोलावलं होतं. भिंगरीने मोठी प्रगती केली आहे, तुम्ही यायलाच हवं. मी ब्लेझर घातला.

बसायला मुलांच्या खुर्च्या. गुडघे हनुवटीला. समोर बाई, बाजूला धाकटी. बाई खूश होत्या. म्हणाल्या, भिंगरी आजवर एका वेळी एकच कार्ड वापरायची. तहान लागली, पाण्याचं कार्ड. आता ती दोन कार्डं जोडून एक गोष्ट सांगते. झोका आणि मामा. टीव्ही आणि मामा. बस आणि मामा. मी मान डोलावत होतो.

मग म्हणाल्या, गोष्ट होणार नाही, रद्द झाली, हे सांगायला तिच्याकडे कार्डच नव्हतं. आम्ही पुढच्या महिन्यात शिकवणार होतो. तिने स्वतःचं शोधलं.

मी अजून मान डोलावत होतो. धाकटीने जमिनीकडे बघितलं, तेव्हा थांबलो.

बाईंनी घाईघाईने समजावलं, मनाला लावून घेऊ नका, मुलीच्या दृष्टीने हे खरंच मोठं पाऊल आहे, हे तिचं पहिलं वाक्य आहे. अभिनंदन म्हणाल्या. मी थँक्यू म्हटलं. उठताना खुर्ची माझ्याबरोबर उठली. ती धाकटीने मागून ओढून काढली.

रिक्षातून उतरताना धाकटी म्हणाली, दादा, मीच सांगायला हवं होतं, पण त्या दिवशी तू इतका खूश झालास. तिने माझी समजूत घातली. तिने माझी!

लाज वाटते. साध्या शब्दांत लिहायचं तर लाज वाटते. त्या मुलीला मला ओळखायला दीड महिना मिळाला. त्यात ती माझ्याबद्दल एकच गोष्ट शिकली आणि ती बरोबर शिकली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

चारला बेल. मग फोटो. भिंगरीने फोटो पाहिला, मी दिसलो, तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. फोटो आणि मी एकाच वेळी, हे तिला जुळेना. तिने फोटो काढून डब्यात टाकला आणि माझ्याकडे पाठ करून चिमटे लावत बसली. मी नाकाला काही लावलं नाही. बोललो नाही. तासभर बसलो.

शेवटी एक चिमटा माझ्या पायाजवळ राहिला. ठेवला की पडला, मी काही लिहिणार नाही.

बाईंना फोन केला. म्हणाल्या, चांगलं झालं, पण पुन्हा पहिल्यापासून आहे. दहा मार्चपर्यंत कठीण. रोज आलात तर कदाचित. रोज, आणि एकदाही न चुकता.

संकल्प: सोमवारपासून रोज. संध्याकाळी सहा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मीटिंग लांबली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

निघालो होतो. टायर पंक्चर. खरंच पंक्चर. इथे खोटं कशाला लिहू.

रिक्षा मिळाली असती.

२६ फेब्रुवारी, बुधवार

गेलो. सव्वासातला. पट्टीवर एकच कार्ड उरलं होतं, झोप. धाकटीने दारातच पाणी दिलं, हळू आवाजात बोलली. आत यायला सांगितलं नाही आणि मीही आत शिरायचा हट्ट केला नाही. पाणी पिऊन ग्लास दिला आणि परत. जिना उतरताना बरं वाटत होतं, गेलो तर खरा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसात डायनिंग टेबलांची तक्रार, पाय हलतात. चाळीस गिऱ्हाइकांना माफी. सहा वाजले तेव्हा अकराव्या गिऱ्हाइकावर होतो. कोणीतरी करायलाच हवं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मी पुस्तक उघडून बसलो तर बायकोने दिवा लावून दिला, एवढंच. पहिलं प्रकरण सुरू केलं.

१ मार्च, शनिवार

अकराच्या सुमारास धाकटीचा फोन. ऑपरेशन पुढे ढकललं. जूनमध्ये, नवरा आल्यावर. डॉक्टर चिडले, पण पथ्य आणि गोळ्यांवर काढा म्हणाले. तेलातलं काही नाही, जड उचलायचं नाही. भिंगरीला उचलायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले, त्यावर ती स्वतःच हसली. बायको गेल्या आठवड्यात तिला म्हणाली होती की मी येऊन राहते. पण आता ओळख व्हायला वेळच उरला नव्हता. मग धाकटी म्हणाली, दादा, तू वाईट वाटून घेऊ नकोस, तू प्रयत्न केलास. आता शनिवारची धावपळ नको करूस. तुलाही कामं असतात.

मी म्हटलं, अगं, असं कसं, मी येतो की. ती म्हणाली, नको रे. आज आम्ही दोघी दुपारी झोपणार आहोत.

फोन ठेवला आणि माझा जीव भांड्यात पडला.

हे मी कोणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहितो. आधी सुटल्यासारखं वाटलं. खूप सुटल्यासारखं. दहा तारीख नाही, दोन रात्री नाहीत, दारातली ती नजर नाही. उठून खिडकी उघडली, गुणगुणलोसुद्धा. मग बायको दुकानात जायला निघाली. हातात गोळ्यांची पिशवी. धाकटीसाठी, जूनपर्यंतच्या. म्हणाली, परवा पाहिलं, जिना चढताना ती प्रत्येक वळणावर थांबते, कठड्याला पोट दाबून. भिंगरी पुढच्या पायरीवर वाट बघत उभी असते. एवढं सांगून ती गेली. जानेवारीपासून ती गेली असती तर काय झालं असतं, हे ती बोलली नाही. बोलायला हवं होतं. मी भांडलो तरी असतो.

जेवलो. आडवा झालो नाही. पावणेचारला आंघोळ करून स्वच्छ शर्ट घातला, मिशी विंचरली, बूट घालून सोफ्यावर बसलो. आज ऑफिस नव्हतं, ऑफिसचं जेवण नव्हतं, व्याख्यान नव्हतं, टायरमध्ये हवा होती. इतका वेळेवर मी आजवर कधीच तयार झालो नव्हतो. चार वाजले. त्या दोघी झोपल्या असतील, उगाच बेल कशाला वाजवायची, असं मनात आलं. ते कारण चांगलं होतं.

सव्वाचारला बूट काढले.